वाघाच्या मावशीचं पत्र

मु. पो. कपाशीचं शेत,
पांढरकवड्याजवळ

चि. वाघोबा यास मावशीचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

तू दोन वर्षांचा झालास आणि आईने गुरगुरून घराबाहेर काढलं, असं कानावर आलं. रागावू नकोस. आपल्याकडे मुली आईच्या शेजारी बिऱ्हाड मांडतात आणि मुलगे मुलूखभर हिंडतात, ही जुनीच रीत आहे. तुझं टिपेश्वर अभयारण्य अवघं १४८ चौरस किलोमीटर. तिथेच रेंगाळलास तर उद्या बहिणीशी संसार थाटावा लागेल. माणसं सगोत्र लग्न म्हटलं की कानांवर हात ठेवतात, पण आपल्यावर तीच वेळ आणताना त्यांचा एकही पंचांगवाला हरकत घेत नाही.

खोटं वाटत असेल तर ओडिशातलं सिमिलीपाल बघ. ते जंगल इतर वाघांच्या जंगलांपासून तुटलेलं, त्यामुळे बाहेरचं रक्त येत नव्हतं. टॅकपेप नावाच्या जनुकातल्या एका बदलाने तिथल्या वाघांचे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळले, आणि सुमारे ३७ टक्के वाघ काळे दिसू लागले. बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे उलगडून दाखवलं. यावर सरकारने काय करावं? २०२४ च्या जानेवारीत काळ्या वाघांची सफारी जाहीर केली! कोंडमाऱ्यालाही तिकीट लावता येतं, हे आपल्यासारख्या अडाणी जनावरांना कुठून सुचणार. त्याच वर्षाअखेर ताडोबाच्या जमुना आणि झीनत या दोघी वाघिणींना गाडीत घालून तिकडे पाठवलं. पैकी झीनत सासर सोडून झारखंड ओलांडून पार बंगालात गेली. बांकुड्यात बेशुद्ध करून तिला परत आणावं लागलं. चालत जायची वाट मोडायची आणि मग पिंजऱ्यातून वराती काढायच्या, असा हा कारभार.

तर तुला चालतच जायचंय. तुझ्याच टिपेश्वरचा तो वॉकर नावाचा वाघ आठवतोय ना? गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचं नाव झालं. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर निघाला. दिवसा लपायचं, रात्री शेतं तुडवायची, असं करत नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत स्थिरावला. वर्तमानपत्रांनी कौतुकाचे रकाने भरले. तिथे वाघीण एकही नव्हती, एवढा तपशील राहिला.

वाटेत तुझी विष्ठा उचलणारी पोरं भेटली तर लाजू नकोस. ती त्यातल्या जनुकांवरून तुझं कूळ काढतात, आणि कुठल्या जंगलातलं रक्त कुठवर पोचलं ते सांगतात. मग नकाशावर जंगलाला कमी अडथळा, शेताला थोडा जास्त, वस्तीला आणि हायवेला भरपूर, असे गुण देऊन तुझी वाट कुठून जाते ते बघतात. मध्य भारतात तू, बिबट्या, अस्वल आणि माझी रानमांजरांची जात अशा चौघांचा त्यांनी हिशेब मांडला, त्यात माणसाच्या पसाऱ्याचा जास्तीत जास्त फटका तुलाच बसलेला निघाला. माझं काय रे, मला बांधावरचा उंदीर पुरतो. तुला रुबाब नडतो.

रस्त्यांचं मात्र नीट ऐक. बोरच्या जंगलातला बाजीराव वाघ २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीखाली गेला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघिणीची तीन बछडी रेल्वेखाली गेली. गाडीला तुझी डरकाळी ऐकू येत नाही, काचा वर असतात.

पेंचकडे गेलास तर थोडी चैन आहे. मनसर-खवासा पट्ट्यात नागपूर-जबलपूर रस्ता नऊ ठिकाणी उचलून खाली आपल्यासाठी वाट ठेवली आहे. त्यातली सगळ्यात मोठी ७५० मीटरची. २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी खालून जाताना दिसले. अकरा वाघ ८९ वेळा गेले. म्हणजे आपल्याला शिस्त नाही, हा आरोपही गेला. पण ही चैन कुणी खुशीने दिली असं समजू नकोस. त्यासाठी प्राणिप्रेमींना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि ‘खर्च वाढेल’ ही रडगाणी तेव्हाही ऐकली गेली. हजारो कोटींच्या रस्त्यात खर्च फक्त आपल्याच पावलांचा मोजतात.

गळ्यात कॉलर असेल तर फोटो चांगला येऊ दे. पोटभर खा, गाईच्या वाटेला जाऊ नकोस, आणि नीलगाय दिसली की मावशीची आठवण ठेव.

तुझी,
मावशी

ता. क. हे पत्र चुकून एखाद्या साहेबांच्या हाती पडलं तर त्यांनी एवढं करावं: रस्त्याची, कालव्याची किंवा खाणीची आखणी मंजूर करण्याआधी तिथून कोण ये-जा करतं, ते जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना विचारावं. पूल बांधून झाल्यावर विचारू नये.