वर्धा रोडवर वाळवंट वसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

उच्चभ्रू वाळवंटी उपनगरात राहू इच्छिणाऱ्या नागपूरकरापुढे पहिली अडचण अशी की नागपूर वाळवंट नाही. भूगोलाच्या पुस्तकातल्या वाळवंटात वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो. आपल्याकडे हजाराच्या आसपास पडतो. शहरात जुने तलाव आहेत, भोवती काळी माती आहे, संत्र्याच्या बागा आहेत. दुबईवाल्यांचं वाळवंट वडिलोपार्जित. आपल्याला ते स्वकष्टानं उभारावं लागतं. सुदैवानं विमानतळाच्या पुढे, खापरी-जामठ्याच्या अंगाला, कमान, कारंजं आणि क्लब हाऊस घेऊन ज्या वसाहती निघाल्या आहेत, तिथे हे काम बरंच मार्गी लागलं आहे. महाल-इतवारीतलं घर विकून तिकडे निघालेल्यांसाठी पुढील सूचना.

सुरुवात झाडांपासून करावी. जागेवर निंब असेल तर तो आधी काढावा. निंबाखाली सावली पडते, सावलीत वॉचमन बसतो, वॉचमनपाशी दूधवाला थांबतो आणि वसाहतीचा दर्जा तिथेच घसरतो. त्याच्या जागी दुरून ट्रकमधून आणलेले पाम दुतर्फा लावावेत. या झाडाची सावली त्याच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नाही, म्हणून ते ब्रोशरमध्ये शोभून दिसतं. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. हे दिवसभर ऊन पितात आणि रात्री अकरापर्यंत परत देत राहतात. शतपावली करणाऱ्यांना वेगळा शेक घ्यावा लागत नाही.

मग काच. महालातल्या जुन्या वाड्यांना जाड भिंती, मधे चौक आणि रस्त्याच्या बाजूला बारक्या खिडक्या असत, कारण बांधणाऱ्यांना उन्हाळा ठाऊक होता आणि व्ह्यू नव्हता. १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये बंगले बांधणाऱ्या इंग्रजानं, घरून निघताना डोक्यावर फक्त ढग पाहिलेले असूनही, उंच छत, खोल व्हरांडा आणि दारात वाळ्याच्या ओल्या ताट्या इतकं तरी शिकून घेतलं. आपण या मागासलेपणातून बाहेर पडलो आहोत. पश्चिमेची भिंत संपूर्ण काचेची घ्यावी. सूर्यास्त दिसतो म्हणून बिल्डर तिचे जादा पैसे लावतो. ते हसत भरावेत, आणि ताबा मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात तिच्यावर दुहेरी अस्तराचे पडदे लावावेत. सूर्यास्त फोटोत पाहता येतो.

आता कूलर. इथे थोडं थांबून समजून घ्यावं लागेल, कारण अनेक सुशिक्षित कुटुंबं याच ठिकाणी फसतात.

नागपुरात होळी झाली की कूलर निघतात. माळ्यावरून खाली येतात, पत्र्याला रंग लागतो, ताट्यांतलं गवत बदललं जातं, टुल्लू पंपाची परीक्षा होते. ज्याला बाजारात डेझर्ट कूलर म्हणतात तो हाच, आणि या शहराचं वाळवंटाशी असलेलं एकमेव प्रामाणिक नातं तेच. काम साधं आहे. कोरडी हवा ओल्या गवतातून ओढली की पाण्याची वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता पाणी त्या हवेतूनच काढून घेतं. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. म्हणून मुंबईत निरुपयोगी असलेलं हे यंत्र मे महिन्याच्या नागपुरात राजा असतं, आणि मृगाच्या सरी आल्या की चार दिवसांत अंगाला चिकचिक सोडून काही देत नाही. त्याची अट एकच : समोरची खिडकी उघडी हवी. दमट हवेला जायला वाट ठेवली नाही तर तासाभरात गाद्यासुद्धा ओलसर लागतात.

नव्या वसाहतीत ही अट पुरी होत नाही, कारण काच उघडत नाही. शिवाय बाहेरून कूलर दिसला की एलेव्हेशन बिघडतं, अशी नोटीस कमिटी दर मार्चमध्ये काढते. एसीच्या मशिनींनी ते बिघडत नाही. त्या आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या बाल्कनीत टाकतात, शेजाऱ्याच्या आपल्या बाल्कनीत. याला सौहार्द म्हणावं. तरीही विजेचं पहिलं बिल आल्यावर बहुतेक घरांत ड्राय बाल्कनीच्या जाळीआड, चादरीखाली, एक कूलर गुपचूप येतोच. वॉचमनला हे माहीत असतं. तो फक्त खालून ओरडतो, ‘‘भाऊ, राउंडवर येऊन राह्यले, झाका ना बाप्पा!’’ टाकीत पाणी भरण्याआधी प्लग काढावा, ही एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. ओल्या पत्र्याचा शॉक जीव घेतो. आणि पावसाळा लागला की टाकी कोरडी करून ठेवावी, नाहीतर तिच्यात डेंग्यूचे डास बिनभाड्यानं राहतात.

पाण्याविषयी. शहराला पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानमधून मिळतं, पण ते महापालिकेच्या हद्दीतल्यांसाठी. आपण उच्चभ्रू असल्यामुळे हद्दीबाहेर आहोत. इथे बोअरचं पाणी असतं. त्यानं कूलरच्या ताटीवर आणि बाथरूमच्या नळांवर पांढरे थर चढतात. एप्रिलमध्ये तेही खाली गेलं की टँकर. टँकरमधलं पाणी स्विमिंग पूलमध्ये आधी सोडावं की ओव्हरहेड टाकीत, यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जे मतदान होतं त्यात भाग घेऊ नये. दोन्ही बाजू आपल्याला लग्नात भेटतात.

वाळवंट झालं म्हणून पुराची चिंता मिटली असं मात्र समजू नका. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभराहून जास्त मिलिमीटर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या बंगल्यांत छातीइतकं पाणी शिरलं. ओढ्यांवर पेव्हर ब्लॉक कोणी बसवले हे पाण्यानं विचारलं नाही. तेव्हा तळमजल्यावर महागडा सोफा ठेवू नये.

फायदेही सांगायला हवेत. केवळ तोटे सांगणारा माणूस पुण्याचा समजला जातो. मिहान जवळ, एम्स जवळ, विमानतळ इतका जवळ की विमान उतरताना बाल्कनीतून कंपनीचं नाव वाचता येतं. खापरीहून मेट्रो आहे. वाटेत ३.१४ किलोमीटरचा तो डबल डेकर पूल आहे, ज्याच्यावरून मेट्रो जाते आणि ज्याची गिनेस बुकात नोंद झाल्याचं प्रत्येक पाहुण्याला दोनदा सांगायचं असतं. समृद्धी महामार्ग हाताशी, ७०१ किलोमीटर. मुंबई आठ तासांवर. तर्री-पोहे मात्र सकाळच्या वेळी पाऊण तासावर, कारण चांगली टपरी गेटपाशी लावायला कमिटीची परवानगी नाही. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी हाच पाऊण तास कितीही होऊ शकतो.

सगळ्यात मोठा मान मात्र तापमानाचा. नागपूरचा म्हणून देशभर छापला जाणारा आकडा सोनेगावच्या विमानतळावरच्या वेधशाळेतून येतो, म्हणजे आपल्या दारातला. मे २०१३मध्ये तिथे ४७.९ नोंदले गेले. ३० मे २०२४ रोजी तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. तो खुलासा पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायची घाई करू नये.

नवतपाच्या नऊ दिवसांत सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा घराबाहेर पडू नये. पडलात तर तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, पोटात कैरीचं पन्हं. मोठ्या चौकांत सिग्नलवर महापालिका हिरव्या जाळ्या बांधते, तिथे लाल दिव्याची प्रार्थना करावी. घरी कामाला येणाऱ्या मावशींना लिफ्टच्या वादात न गुंतवता आधी गार पाणी द्यावं. त्या ज्या गावातून दुपारच्या उन्हात येतात, त्याच्या शेतांवर आपली वसाहत उभी आहे, आणि गावात निंब अजून आहे.

एवढं करूनही जमत नसेल तर घर विकावं. त्यालाही मुहूर्त आहे. १९५३च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे भरतं, आणि आमदारांनी ते मे महिन्यात घ्यावं अशी मागणी विदर्भवाद्यांनीसुद्धा कधी केलेली ऐकिवात नाही. ते डिसेंबरात असतं. त्या दिवसांत पहाटे पारा दहा-बारावर असतो, शेतात हुरडा भाजला जात असतो, आणि तीच पश्चिमेची काच संध्याकाळी मखमली ऊन आत घेते. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाला त्या वेळी, पडदे काढून, चहाला बोलवावं. कूलर आधीच दुसरीकडे हलवावा. करार तिथल्या तिथे करावा, आणि ताबा होळीच्या आत द्यावा.