आयातशुल्कमामांस पत्र

ती. स्व. आयातशुल्कमामा यांस,

शि. सा. न. वि. वि.

आपल्या आशीर्वादाने मी खुशाल आहे. बाहेरची पोरं आपण अंगणात फिरकू दिली नाहीत, म्हणून शर्यतीत माझा नंबर नेहमी पहिला. धावणारे आम्ही दोघेच होतो, हे कुणी विचारलं नाही.

१९४९ साली तयार गाड्या आणायला बंदी आली. १९५३ मध्ये ‘नुसत्या जोडू नका, इथे बनवा’ असा हुकूम सुटला आणि शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. घर रिकामं! मग कुर्ल्यात १९६४ साली घेतलेली फियाट मी नावं बदलत, पद्मिनी म्हणून २००० च्या आसपासपर्यंत विकली. उत्तरपाड्यातली अँबॅसेडर तर २०१४ पर्यंत. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं. नंबर लागला की गाडीच्या रंगावरून सुद्धा हुज्जत घालायचं नाही. मिळेल त्या रंगाच्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उठवून, चाकाखाली लिंबू ठेवून पेढे वाटायचं. असं गिऱ्हाईक आता होणे नाही.

खोटं कशाला बोलू, चाकण उभं राहिलं त्यातही आपला हात आहे. अख्खी गाडी आणली तर आपण कातडी सोलता. तीच सुट्या भागांत आणून इथे जोडली तर बरंच सोडता. म्हणून तर मर्सिडीज चाकणला जोडली जाते आणि आसपासच्या आयटीआयवाल्या पोरांना कामं मिळतात. हे आपलं पुण्य मी नाकारत नाही. फक्त मी ऐंशीचा झालो तरी आपण माझं बोट सोडत नाही, हे लोकांना खुपतं.

२०२५ च्या अर्थसंकल्पात मात्र आपण कमाल केलीत. ४० हजार डॉलरवरच्या गाडीचं मूळ शुल्क १०० वरून ७० टक्के! परदेशी पाहुणे टाळ्या वाजवेपर्यंत आपण हळूच ४० टक्के शेती पायाभूत सुविधा उपकर लावलात. बेरीज ११०. आधी अधिभार धरून होती तेवढीच. शिवाय उपकरात राज्यांना वाटा द्यावा लागत नाही, हे वेगळंच. पण आलिशान गाडी घेणारा बसल्या जागी बळीराजाचा पोशिंदा झाला, याचं मला कौतुक वाटतं. जुलैत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला आली, किंमत साठ लाखांच्या घरात. पद्मिनीचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर; म्हातारीला काय वाटलं असेल!

त्याच महिन्यात आपण ब्रिटनशी करार केलात. ठरावीक संख्येच्या गाड्यांना शुल्क पुढे १० टक्क्यांवर येणार म्हणे. मामा, माझं अजून दूधही सुटलेलं नाही हो!

आपला लाडका भाचा,
देशी मोटारउद्योग

ता. क. : अमेरिकेतल्या आपल्या भाऊबंदांनी २०२५ च्या मे महिन्यापासून गाड्यांच्या सुट्या भागांवर २५ टक्के लावले आहेत. पुण्याकडचे माझे फोर्जिंगवाले, नटबोल्टवाले कपाळाला हात लावून बसलेत. त्यांना जरा दोन शब्द सांगा. २५ टक्के म्हणजे फारच अन्याय होतो.