चेंज द डिग्री

नागपुरात डिग्री तीन ठिकाणी सापडते: थर्मामीटरवर, इंजिनीअरिंग कॉलेजात आणि दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात. पहिली मे महिन्यात फुकट मिळते. दुसरी घेऊन पोरं पुण्याला जातात. उरली तिसरी. पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह. हॉट, हॉटर, हॉटेस्ट. यातल्या पहिल्या पायरीवर नागपूरकर कधी थांबलाच नाही. आमच्या पानठेल्यावर कोणतीही गोष्ट नुसती चांगली नसते. ती एकतर आशियात पहिली असते, नाहीतर बेकार.

30 मे 2024 चंच घ्या. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश दाखवले. जागतिक विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, 1913 सालचा, 56.7 अंशांचा. म्हणजे भाऊ, पॉइंट सातनं हुकलं! शहरात घामापेक्षा अभिमान जास्त वाहिला. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. हॉटेस्टचं खाडकन नुसतं हॉट झालं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी आणि अकोला गालात हसले असणार; तीही याच शर्यतीतली. उकाड्याचं कोणाला काही नव्हतं, हळहळ रेकॉर्ड गेल्याची.

पुलाचं मात्र पक्कं आहे. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो, असा वर्धा रोडवरचा 3.14 किलोमीटरचा डबल डेकर. 2022 मध्ये त्याला गिनेसचं प्रमाणपत्र मिळालं. त्याची फ्रेम जुनी होण्याआधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, कामठी रोडवर 5.67 किलोमीटरचा दुसरा सुरू झाला. गड्डीगोदामला तर मधून रेल्वेही जाते, म्हणजे चार मजले. इथं व्याकरण अडतं. सुपरलेटिव्हचं कम्पॅरेटिव्ह करताना 'दॅन एनी अदर' लिहावं लागतं. 'अदर' गाळलं की पूल स्वतःपेक्षाच लांब ठरतो आणि बाई मार्क कापतात. नागपूरनं ते प्रत्यक्षात करून दाखवलं. पुलाच्या लांबीत नागपूर नागपूरपेक्षा पुढे गेलं. आता मार्क कापायचे कोणाचे?

बिल्डरांचे बाईंनी कधीच कापायला हवे होते. बेसा-मनीषनगरकडे 'मोस्ट युनिक' फ्लॅट मिळतात, एकासारखे एक, ओळीनं. युनिकला डिग्री नसते हे तिथं कोण सांगणार? सांगितलंच, तर ते शेक्सपिअर पुढे करतील. 'ज्युलियस सीझर'मध्ये त्यानंही सुपरलेटिव्हवर सुपरलेटिव्ह चढवलंय. पुढारी जास्त हुशार. ते 'वन ऑफ द बिगेस्ट' म्हणतात. त्यात सर्वांत मोठंही होता येतं आणि मोजपट्टी आणलीच तर गर्दीत सटकताही येतं. हिवाळी अधिवेशनात हा प्रयोग मुबलक होतो.

पण ज्या शहराला एवढी सुपरलेटिव्हची हौस, त्याचीच डिग्री सरकारनं कशी बदलली पाहा. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून 1956 पर्यंत नागपूर सरळ राजधानी होतं. मग 'उप' लागलं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन इथं घेण्याचं कबूल झालं होतं. त्यामुळे डिसेंबरात थंडीबरोबर सरकार येतं आणि थंडीच्या आधी परत जातं.

तेव्हा दहावीच्या पोरांनो, 'अदर' विसरू नका. मुंबई सोडली तर महाराष्ट्रात नागपूरपेक्षा मोठी राजधानी दुसरी नाही. पेपरात बिनधास्त लिहा, कोणी मार्क कापू शकणार नाही.