दाती दोरा धरून

२८ जून २०२० ही तारीख इतिहासाच्या पुस्तकात यायची नाही, पण आमच्या सोसायटीतल्या बायकांना ती तोंडपाठ आहे. मार्चपासून बंद असलेली सलून आणि पार्लरं महाराष्ट्रात त्या दिवसापासून उघडायला परवानगी मिळाली. तीही सगळ्याला नव्हे. केस कापणं, केस रंगवणं, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग, बस्स. फेशियलसारखे त्वचेचे लाड बंदच. मंत्रालयात ज्या कुणी त्या यादीत थ्रेडिंग घातलं, त्याच्या घरात एखादी खमकी बाई असणार याबद्दल मला शंका नाही. मास्क आल्यापासून चेहऱ्याचा लोकांना दिसण्याजोगा उरलेला भाग म्हणजे कपाळ, डोळे आणि मधल्या त्या दोन रेघा. लिपस्टिकला कुणी विचारेना आणि भुवया मात्र एकदम चव्हाट्यावर आल्या.

मधले तीन महिने घरोघर कसे निभावले गेले, ते मात्र कुठल्याच सरकारी कागदावर नाही.

ज्यांनी आयब्रो कधी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शिवणाचा दोरा हात-दीड हात तोडायचा. एक टोक दातात, दुसरं एका हातात. मधला भाग दुसऱ्या हाताच्या बोटांवर घेऊन त्याला चार-सहा पीळ द्यायचे आणि तो पीळ भुवईखालून असा सरकवायचा की केस त्यात अडकून मुळासकट बाहेर यावा. म्हणजे करणारीचे दोन्ही हात गुंतलेले, तोंडही गुंतलेलं. मग पापणी ताणून कुणी धरायची? गिऱ्हाइकानं. "ताई, एक हात वर, एक खाली, घट्ट धरा हं," असं ती दातातल्या दोऱ्याआडून म्हणते आणि आपण डोळ्यांतून पाणी काढत निमूट धरतो. निम्मं काम आपण करायचं आणि पैसे पूर्ण द्यायचे, असा हा एकमेव धंदा असावा.

घरी स्वतःच स्वतःच्या करायच्या म्हणजे हात कमी पडतात. आमच्याकडे जादा हात एकच उपलब्ध होता. आमचे हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. नुसती पापणी धरा म्हटलं, तर आधी लाइन-लेव्हल बघितल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही म्हणाले.

"तुमचं काही स्टँडर्ड असेल ना?"

आहे. पार्लरच्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नाकपुडीच्या कडेला पेन्सिल उभी धरली की ती वर जिथे लागते तिथे भुवई सुरू व्हावी. नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी नेली की जिथे लागते तिथे कमान. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की तिथे शेपूट संपलं पाहिजे. हे मी सांगितलं आणि तिथेच सगळं बिनसलं. यांनी टोक केलेली पेन्सिल आणली, पट्टी आणली, नातवाच्या दप्तरातला गुण्या आणला. मला खिडकीपाशी स्टुलावर बसवून बराच वेळ माझ्या तोंडाचा सर्व्हे चालला. लग्नाला तीस वर्षं उलटून गेल्यावर हे इतक्या जवळून माझ्याकडे बघत होते, त्याचंही जरा बरं वाटलं. मग निकाल आला.

"डावी दोन मिलिमीटर खाली आहे."

"काहीतरीच काय!"

"मूळ बांधकामातलाच फरक आहे. आत्ताचा नाही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कधी बघणार? कांदेपोहे संपेपर्यंतचा वेळ दिला होता तुझ्या वडिलांनी."

जगातल्या कुठल्याच माणसाच्या दोन भुवया सारख्या नसतात. चेहऱ्याच्या दोन बाजूच मुळात सारख्या नसतात. पण हे एकदा पट्टी लावून मोजलं की मन स्वस्थ बसत नाही. मग दोन मांजरं आणि लोण्याचा गोळा ही गोष्ट सुरू होते. तराजूतलं हे पारडं जड म्हणून माकडानं इकडचं खाल्लं, आता ते जड म्हणून तिकडचं. शेवटी मांजरांना काय उरलं ते आपण पहिलीच्या पुस्तकापासून जाणतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी या मार्गानं इतक्या पुढे गेल्या की जूनमध्ये पार्लरवालीनं त्यांना खुर्चीवर बसवून विचारलं, "काय करायचंय, ताई?"

म्हणून घरच्या घरी करायचंच असेल, तर माझं मत दोऱ्याच्या विरुद्ध आणि प्लकरच्या बाजूनं आहे. दोरा एका फटक्यात अख्खी रांग नेतो, चिमटा एकेक केस नेतो. वेळ लागतो, पण प्रत्येक केसागणिक फेरविचाराला जागा राहते. केस ज्या दिशेनं वाढलाय त्याच दिशेनं ओढायचा. आधी गरम पाण्यानं तोंड धुवायचं. आणि तो मोठं दाखवणारा गोल आरसा कपाटात ठेवून द्यायचा, कारण त्यात जे केस दिसतात ते तुमच्या जावेलाही दिसत नाहीत, आणि जावेला दिसत नाही ते नाहीच.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत, ऐंशीच्या दशकातल्या सांगलीत, भुवयांना हात लावणं हे चारित्र्याच्या सदरात मोडायचं. साखरपुडा झाला की मग मुभा. होस्टेलवर मुंबईची एक मुलगी होती, ती चोरून सगळ्यांच्या करून द्यायची. मोबदला पुडाभर भडंग. प्रश्न घरी जायचा असायचा. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो, भुवईचा काही आठवड्यांतच वाढायचा थांबतो, म्हणून तर भुवयांची कुणाला वेणी घालावी लागत नाही. पण तेवढेच काही आठवडे नवा केस भरून यायलाही लागतात. दिवाळीच्या सुट्टीपासून उलट मोजून आम्ही भडंग आणायचा दिवस ठरवायचो. इतका काटेकोर अभ्यास विद्यापीठाच्या परीक्षेचा केला असता तर आज मी निराळ्याच विषयावर लिहीत असते. आणि इतकं करूनही आई दारातच म्हणायची, "भुवया कोरल्यास?" आयांना भुवया दिसत नाहीत, त्यांना मुलगी बदललेली दिसते.

आता माझ्या मुलीचं उलटं. नव्वदच्या दशकात पडद्यावरच्या बहुतेक नायिका पेन्सिलीच्या रेघेएवढ्या भुवया ठेवायच्या. त्यात १९९३ च्या 'बाजीगर'मध्ये काजोल चक्क मधे जुळलेल्या भुवया घेऊन आली आणि तिचं काहीही अडलं नाही. तरी आम्ही बघून शिकलो ते बाकीच्यांचं. परिणामी माझ्या पिढीतल्या पुष्कळ जणींच्या भुवया वर्षानुवर्षं उपटून उपटून परत यायच्या थांबल्यात, आणि लेकीच्या पिढीला दाट हव्यात. माझ्या विरळ झालेल्या जागा ती ब्रो पेन्सिलीनं भरून देते. आधी काढायला पैसे, आता रंगवायला पैसे. एरंडेल तेल लावून बघ, असं मला निदान डझनभर बायकांनी सांगितलंय. त्यानं भुवई वाढते याला म्हणण्यासारखा पुरावा नाही. अभ्रा तेलकट होतो, याला भरपूर आहे.

सासूबाईंनी उभ्या जन्मात भुवईला दोरा लावला नाही आणि त्यांच्याइतक्या कामाच्या भुवया मी दुसऱ्या कुणाच्या पाहिल्या नाहीत. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली सांगितल्यात. उत्क्षेप म्हणजे वर उचलणं, पातन म्हणजे खाली आणणं, रेचित म्हणजे एकच भुवई लाडात उचलणं, वगैरे. सासूबाईंना साती येतात, शिवाय आमटीत मीठ कमी पडल्याची एक आठवी आहे, ती भरताच्या पाहण्यात आलेली दिसत नाही. पण या सगळ्या हालचालींसाठी भुवई मुळात स्वस्थ बसलेली लागते. कमान फार वर चढवली की माणूस कायमचा उत्क्षेपात जातो. आमच्या एका मावसवहिनींनी हौसेनं तशी उंच कमान करून घेतली आणि त्याच आठवड्यात त्यांना एका घरी दहाव्याला जावं लागलं. बिचाऱ्या एक शब्द न बोलता समोर बसल्या. यजमानीणबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हुंदका देऊन म्हणाल्या, "हो ना, आम्हालाही खरं वाटत नाहीये!"

पुरुषांचं बरं असतं. पन्नाशी ओलांडली की त्यांच्या भुवयांतून एखाद-दुसरा केस असा सुटतो की तो चष्म्याच्या काचेला टेकतो. कटिंगच्या शेवटी न्हावी न विचारता कंगवा लावून कच्‌कन कापतो. वेगळे पैसे नाहीत, पावडर नाही, डोळ्यांतून पाणी नाही. घरी आल्यावर "कसे दिसतायत?" असं ते कुणाला विचारतही नाहीत. आमच्या यांना तर आपल्याला भुवया आहेत हेच मी सांगितल्यावर कळलं. मी पट्टी लावून मोजल्या. यांची उजवी तीन मिलिमीटर वर आहे. "चालतं तेवढं," म्हणाले, "टॉलरन्समध्ये आहे."

तर बायांनो, घरी करायच्याच असतील तर दिवसाउजेडी करा, खिडकीपाशी करा. खालच्या बाजूचे आणि मधले केस काढा, वरच्या ओळीला शक्यतो हात लावू नका. दर चार-पाच केसांनंतर आरशापासून दोन पावलं मागे जाऊन बघा. लग्नकार्य असेल तर दोन दिवस आधी उरका, लाली उतरायला वेळ लागतो. आणि काही झालं तरी नवऱ्याच्या हातात पेन्सिल देऊ नका.