लाकूड पोखरणाऱ्या किड्यास खुले पत्र

किड्या,

‘प्रिय’ लिहावं असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट हाक मारते.

तुला किडा म्हणतात, पण तू तिसऱ्या-कालवांच्या कुळातला. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतोस आणि आत वाढतोस; बाहेरचं भोक मात्र तेवढंच राहतं. अंगावरच्या दोन चिमुकल्या शिंपल्यांनी लाकूड खरवडतोस, कल्ल्यांतल्या जिवाणूंच्या जोरावर ते पचवतोस, वर बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा देतोस. ओहोटीला होडी कोरडी पडली, की शेपटाकडची दोन झडपं लावून दडून बसतोस. एवढी कारागिरी अंगात असून दुसऱ्याचं घरच का लागतं तुला?

कोलंबसाच्या चौथ्या सफरीत त्याच्या जहाजांची तू चाळण केलीस. 1503 मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवावी लागली आणि माणसं वर्षभर तिथं अडकली. 1730च्या दशकात हॉलंडच्या समुद्रबांधांची लाकडं खाल्लीस. ब्रिटिश आरमारानं 1761 मध्ये बुडाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. त्यांच्याकडे तांबं होतं. आमच्याकडे आमचे चार हात आहेत.

मुलं मार्गी लागल्यावर आम्ही दोघांनी यांच्या वडिलांची शिडाची होडी पुन्हा पाण्यात घातली. दिवाळीनंतर पहाटेच्या मतलईवर निघायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर मुक्काम गाठायचा. वरोरहून कधी डहाणूची खाडी, कधी तारापूर, सातपाटी, दातिवरे, फार तर अर्नाळा. रात्री परबाणावर जुनं शीड टाकून खाली झोपायचं. भाताचं पातेलं, सुके बोंबील, पाण्याचा कॅन, एवढाच संसार. पण आयुष्यभर राबल्यानंतर तो आम्हाला मिळाला होता. सुकाणू यांच्याकडे, शीड ओढणं आणि पाणी उपसणं माझ्याकडे. जुन्या होडीत पाणी येतंच. रोज किती येतं, ते माझ्या हातांना पाठ आहे. या हंगामात ते वाढत गेलं. यांनी फटींतला कापूस बदलला, तरी थांबेना. मग ओहोटीला होडी कलती करून हे एकेका फळीवर हातोडी मारत गेले. एका जागी सागवान टणक वाजायचं ते भद्द वाजलं. पटाशी टेकवली, तर अर्धी आत गेली. आत लाकूड उरलंच नव्हतं, नुसत्या तुझ्या गल्ल्या होत्या. हे काही बोलले नाहीत. वडिलांनी घासून गुळगुळीत केलेल्या त्या फळीवर हात फिरवत राहिले. त्या माणसाला तसं बघणं मला सोसत नाही, आणि त्याची तुला माफी नाही.

लोक सांगतात, फायबरची घ्या, तिला हा किडा लागत नाही. खरं आहे, मासेमारीवर पोट असणाऱ्यानं ती घ्यावीच. वाढवण बंदराच्या काळजीनं गावाची झोप उडालेली असताना आम्ही एका फळीपायी रडतो, याचं काहींना नवल वाटतं. पण फायबरच्या होडीला सागाची फळी लागत नाही, म्हणून ती बसवणारा सुतारही लागत नाही. फळी शेकून, वाकवून नाळेपाशी जुळवणारे हात आमच्या पट्टीत म्हातारे झाले आहेत. त्यांच्याकडून शिकायला कुणी येत नाही. तू नुसती लाकडं खाल्ली नाहीस, ही विद्याही खातो आहेस.

आता आमचं ऐक. 1 जूनला मासेमारी बंद झाली, की होडी वर ओढून झापांखाली ठेवणार. तुला खारं पाणी लागतं. पावसाळाभर कोरड्यावर तुझी झडपं तुला पुरणार नाहीत. पोखरलेली फळी निघेल आणि तुझ्यासकट चुलीत जाईल. बुडाला गवताच्या जाळाचा शेक देऊ, वर तेल-चुन्याचा थर चढवू. पाण्यात गेल्यावर दर उधाणाच्या ओहोटीला बूड उघडं करून ठोकून बघू. सागाची फळी अंगणात येऊन पडली आहे, सुतारबाबांनी दिवस दिला आहे. त्यांच्या हाताखाली यंदा मी बसणार आहे, शिकायला.

नारळी पौर्णिमेनंतर भेटू.

वरोरची एक होडीवाली