महाद्वारी पहारा, परसदारी सताड

वडसा (देसाईगंज) हे वनविभागाचे ठाणे असल्यामुळे, रानातला ओंडका हलवायचा तर वाहतूक परवाना हवा आणि तो नाक्यावर दाखवावा लागतो, हे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ४१ व्या कलमाचे सार इथल्या पोरासोरांनाही मुखोद्गत असते. संकेतस्थळे रचणाऱ्या विद्वज्जनांना मात्र नाका कोठे बसवावा हे अद्याप उमगलेले दिसत नाही. ते परवलीचा शब्द विचारणारे भव्य महाद्वार उभारतात, आणि ज्या फायलींसाठी हा सारा बंदोबस्त, त्या सर्वांस खुल्या असलेल्या फोल्डरात ठेवून निश्चिंत होतात.

वास्तविक शास्त्र सोपे आहे. फाईल सर्व्हरच्या सार्वजनिक आवाराबाहेर ठेवावी. पीएचपीसारख्या भाषेतील स्क्रिप्टने प्रत्येक मागणीगणिक आधी सेशन तपासावे, मग मागणाऱ्याचा त्याच फाईलवर हक्क आहे काय हे पाहावे (पत्त्यातील क्रमांक एकाने वाढवून शेजाऱ्याचे दप्तर उघडण्याची विद्या कोणासही गुरूविना येते), आणि मगच ती हाती द्यावी.

गंमत अशी की डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, जो कोणीही कोणाचाही मागू शकतो, तो ओटीपी आणि १५ रुपये घेतल्याखेरीज उतरवता येत नाही. आणि एखाद्या शिकवणीवर्गाने विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या आधारकार्डांच्या प्रती मात्र ‘अपलोड्स’ नामक फोल्डरात, जगातील समस्त सर्च इंजिनांच्या अवलोकनार्थ, बेवारस पडून असतात. तक्रार करू जावे, तर अदबीने सांगण्यात येते की महाशय, तक्रार नोंदविण्यासाठी कृपया प्रथम लॉगिन करावे.