तहकूब

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं मिरवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात लोकशाही शिपायाच्या बगलेतून येते. पारावर येऊन तो रजिस्टर उघडतो. "सह्या करा, ग्रामसभा हाय." वरचं पान कोरं. "लिवलंय काय?" "आधी सही तर करा, मग लिवतो साहेब!"

१९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं गावाला हिशेब विचारायचा हक्क दिला. त्याच घटनेची उद्देशिका आम्ही २६ जानेवारीला जिलबीच्या आधी म्हणतो, नंतर कोण थांबतं! ग्रामसभेचा नियमही मोठा समजूतदार. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या सभेची हाक जरा हळूच दिली जाते.

परवा एका म्हाताऱ्यानं पाणंद रस्त्याचं विचारलंच. कागद दाखवले: मुरूम पडला, दबाई झाली, बिल निघालं.

"मग बैलगाडी ह्या कागदावरूनच नेऊ का?"

इतिवृत्तात नोंद झाली: सविस्तर चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर. खाली सह्यांत म्हाताऱ्याचा अंगठाही होता. तो पारावरच घेतला होता, सकाळी.